यशस्वी भव

मे महिन्यातला रविवार, दुपारचे दोन, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि मी धरमपेठेतल्या एका तळघरात एका अनोळखी पोराची मूठ पंजात धरून वरखाली हलवत उभा होतो. त्याने मूठ पुढे केली होती ती मुठीला मूठ लावायला. मी पंजा पुढे केला होता तो हात मिळवायला. पुढे गेलेला पंजा चारचौघांत मागे कसा घ्यायचा? म्हणून समोर जे आलं ते धरलं आणि हापशीचा दांडा हलवावा तसं हलवलं. शेजारच्या टेबलवरून आवाज आला, "कागद जिंकला बे! कागद दगडाले झाकते न!"

त्या दिवशी मी जिंकलेला तो एकमेव डाव.

हे तळघर म्हणजे आमचं पूल पार्लर. पूल म्हणजे टेबलवरचे बॉल काठीने भोकांत घालायचा, बिलियर्ड्स आणि स्नूकरच्या घराण्यातला खेळ. वरच्या मजल्यावर कोचिंग क्लास आहे. वर पोट्टे जेईईची तयारी करतात आणि ज्यांची तयारी संपली किंवा ज्यांना ती संपवायची आहे, ते खाली येतात. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी तिथे जाणारा मी एकटाच असल्यामुळे मालक मला आदराने 'काकाजी' म्हणतो आणि त्याच आदराने कूलरसमोरची खुर्ची देतो. कूलर दोन आहेत, खसच्या ताट्यांचे. त्यांच्या ओल्या हवेने टेबलचं कापड दमट होतं आणि बॉल तेरवीच्या जेवणाला निघालेल्या माणसासारखे, जायचं म्हणून जातात. पण मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करा म्हणणाऱ्याला बाहेर काढतात, म्हणून कोणी तक्रार करत नाही.

महिन्यातून एका रविवारी तिथे स्पर्धा असते. साखळी पद्धत, म्हणजे हरलं तरी घरी जाता येत नाही. तीन मॅचेस खेळायच्याच, आणि प्रत्येक मॅचआधी समोरच्याला भेटायचं. खेळायचं मला भय नाही. भय आहे ते या भेटण्याचं.

मी हा खेळ शिकलो तेव्हा असलं काही नव्हतं. माझे मामा सिव्हिल लाइन्समधल्या एका क्लबात हिशेबनीस होते. शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्या मागे मागे जायचो आणि बिलियर्ड्स रूमच्या दाराशी उभा राहायचो. तिथे एक म्हातारा मार्कर होता. मार्कर म्हणजे गुण लावणारा, बॉल पुसणारा, आणि मेंबर चुकले की छताकडे बघणारा. त्याचा नियम एकच होता. "पहले हाथ, फिर बात, फिर डंडा." आधी हात मिळवायचा, डोळ्यात बघून. मग बोलायचं, थोडकं. मग क्यू उचलायचा. संपल्यावर पुन्हा हात, हरलेल्याने आधी. विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले, ही गोष्ट तो अशी सांगायचा की जणू शेवटचा बॉल यानेच पुसून दिला होता. आणि गोष्टीच्या शेवटी हमखास, "हाथ मिलाया होगा उन्होंने. पक्का."

स्नूकरची जन्मकथाही मी त्याच्याकडूनच ऐकली. हा खेळ जन्मला आपल्या शेजारी, जबलपूरच्या छावणीत, १८७५ साली. इथून साधारण पावणेतीनशे किलोमीटरवर. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने पावसाळ्यात वेळ जाईना म्हणून काळ्या बॉलच्या खेळात आणखी रंग मिसळले. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन वेगळे. लष्करी अकादमीतल्या नवख्या, अडाणी पोराला तेव्हा 'स्नूकर' म्हणत. कोणाचा तरी सोपा शॉट चुकला आणि चेंबरलेनने त्याला तेच म्हटलं. तेच नाव खेळाला चिकटलं. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर खेळाचं नावच 'काय बे ढ' असं आहे. ज्याचं बारसंच टोमण्याने झालं त्या खेळात लोकांनी एवढं हस्तांदोलन का करावं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

आता कळतं. महालातल्या आखाड्यात पैलवान सलामीला हात मिळवतात, पण पुढची दहा मिनिटं त्यांना एकमेकांच्या मानेलाच लोंबकळायचं असतं. सलामी राहून गेली तरी ओळख व्हायची राहत नाही. पूलमध्ये तसं नाही. सुरुवातीला लॅग होतो, दोघंही शेजारी उभे राहून आपापला बॉल एकदम पलीकडच्या कुशनला, म्हणजे टेबलच्या काठाला मारतात आणि ज्याचा बॉल परत येऊन अलीकडच्या कुशनच्या जास्त जवळ थांबतो तो लॅग जिंकतो. पहिला फटका, म्हणजे ब्रेक, कोणाचा हे त्यावर ठरतं. दोघांनी मिळून काही करायचं ते तेवढंच. नंतर एक खेळतो आणि दुसरा खुर्चीवर बसतो. त्याला अडवता येत नाही, धक्का देता येत नाही, अपील करता येत नाही. समोरचा चांगला असेल तर आपण नुसते बसून पाणी पितो. सामना संपेपर्यंत त्या माणसाला हात लावायची संधी एकदाच मिळते, ती सुरुवातीला. तीच आता वादात सापडली आहे.

गडबड २०२० साली झाली. त्याआधी पार्लरमध्ये येणारा प्रत्येकजण, चॉकने निळा झालेला आणि पावडरने पांढरा झालेला का होईना, हात द्यायचा. मग करोना आला. त्या वर्षी शेफील्डची जागतिक स्नूकर स्पर्धासुद्धा एप्रिलऐवजी जुलैच्या शेवटच्या दिवशी सुरू झाली, मग आमच्या तळघराची काय कथा. उघडलं तेव्हा कोपराला कोपर लावायची पद्धत आली होती. ती मला आवडली नाही, भाजीबाजारात धक्का दिल्यासारखं वाटायचं. मग मुठी आल्या. रोग गेला, मुठी राहिल्या. आणि पंजेही पूर्ण गेले नाहीत. काही पोरं मूठ देतात, काही पंजा, काही आधी पंजा मग मूठ मग छातीला छाती, आणि काही कानात हेडफोन घालून नुसती भुवई उडवतात. कोण काय देणार हे आधी कळायला काही खूण नाही.

नागपुरात खरं तर भेटीच्या शब्दांना तोटा नाही. राम राम आहे, जय भीम आहे, इतवारीत गेलात तर जय जिनेंद्र आहे, आणि अगदीच वेळ असेल तर जय विदर्भ आहे. काहीच सुचलं नाही तर 'काय म्हणता?' आहेच. त्याचं उत्तर 'काही नाही' असतं आणि दोघांचंही समाधान होतं. पण टेबलपाशी या सगळ्यांवर एकच शब्द येऊन बसलाय. गुड लक. हा शब्द मला उच्चारवत नाही. समोरच्याचं नशीब चांगलं व्हावं अशी माझी मुळीच इच्छा नसते. त्याचा पांढरा बॉल पॉकेटमध्ये जाऊन फाउल व्हावा अशी असते. 'शुभेच्छा' म्हणून बघितलं, तर चौकातल्या फ्लेक्ससारखं वाटलं. शेजारी माझा हात जोडलेला फोटो तेवढा लावायचा राहिला.

तर त्या रविवारी मुठीचा प्रकार झाल्यावर मी ठरवलं, आता आपण पुढाकार घ्यायचाच नाही. दुसरी मॅच एका मुलीशी होती. डाव्या हातात तीन बोटांचा काळा मोजा, स्वतःचा दोन तुकड्यांचा क्यू, चेहऱ्यावर शस्त्रक्रियेआधीच्या डॉक्टरची शांतता. मुलीपुढे आपण हात करावा का, या विचारात मी नमस्कार केला. तिने तोवर हात पुढे केला होता. तो बघून मी घाईने नमस्कार सोडून हात पुढे केला, तर तिने तिचा हात मागे घेऊन नमस्कार केला होता. मी पुन्हा हात जोडले. तिने पुन्हा हात पुढे केला. असं किती वेळ चाललं ते सांगत नाही. मालकाने मधे येऊन "काकाजी, लॅग घ्या न" म्हटलं तेव्हा ते थांबलं. ती मॅच मी हरलो. कशी ते महत्त्वाचं नाही.

तिसरी मॅच मात्र नीट सांगितली पाहिजे.

समोर आमच्याच लेआउटमधला मुलगा होता. बारावीला त्याला मी दोन महिने अकाउंट्स शिकवलं होतं. मी मनाशी म्हटलं, ओळखीचा आहे, मूठ असो की पंजा, निभावून नेऊ. मी सावधपणे अर्धी मूठ, अर्धा पंजा असं काहीतरी तयार ठेवलं. तो आला, क्यू भिंतीला टेकवला, आणि भर पार्लरमध्ये वाकून माझ्या पाया पडला.

चारही टेबलांवरचे बॉल थांबले. माझा हात आपोआप त्याच्या डोक्यावर गेला आणि आजोबांपासून आमच्या घरात जे चालत आलंय ते तोंडातून बाहेर पडलं, "यशस्वी भव!"

बाहेर पडल्यावर कळलं काय झालं ते. पूलमध्ये चुकून बाही बॉलला लागली तरी फाउल देता येतो. आशीर्वाद चुकून लागला तर काय करायचं, याला नियम नाही. मालक काउंटरवरून म्हणाला, "काकाजी, आता तुम्ही जिंकले तर आशीर्वाद खोटा पडीन न!" सगळे हसले. तो मुलगा हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावर एक श्रद्धा होती, आणि श्रद्धेने खेळणाऱ्यासमोर माझं काही चालत नाही.

त्याने ब्रेक केला. पट्ट्यापट्ट्यांचा एक बॉल गेला. मग बाकीचे सहा गेले, ओळीने, शाळेतून घरी जाणाऱ्या पोरांसारखे. मग काळा गेला, म्हणजे गेम संपला. मी खुर्चीवर बसून मोजत होतो. तीन गेममध्ये मी एकूण चार वेळा टेबलजवळ गेलो, त्यातला एकदा माझं चॉक काठावर राहिलं होतं म्हणून. शेवटचा काळा बॉल दोन कुशनला लागून मधल्या पॉकेटमध्ये पडला. तसा शॉट त्या मुलाला येत नाही, मला पक्कं ठाऊक आहे. तो माझ्या पुण्याईवर पडला. एवढी वर्षं संकष्ट्या केल्या, त्या सगळ्या त्या पॉकेटमध्ये गेल्या.

जिंकल्यावर तो पुन्हा वाकू लागला. मी त्याचे खांदे वरच्या वर धरले. "आता कशाले? झालं न तुझं काम!"

आमच्याकडे हरणाऱ्याने टेबलचे पैसे द्यायचे असतात. ते देऊन घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती आंब्याचा रस काढत होती. म्हणाली, "अहो, पाया पडणाऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवावंच लागतं. तुम्ही मॅच ठेवली."

"आणि टेबलचे पैसे?"

"ती दक्षिणा."

पुढच्या महिन्यात मी माझ्या मुलाचे हेडफोन घेऊन गेलो. फोनला जोडले नव्हते, वायर नुसती खिशात सोडली होती. कोणाकडे बघायचं नाही, भुवई उडवायची आणि क्यू उचलायचा, असं ठरवलं होतं. पहिल्याच मॅचला भुवई उडवली. समोरचा पोरगा घाबरून म्हणाला, "अंकल, बीपी वाढलं का?" कूलर माझ्याकडे वळवला गेला. कोणीतरी ग्लुकोजचं पाणी आणलं. ते पिऊन होईपर्यंत मी पहिला गेम हरलो होतो.

शेवटच्या मॅचला मालकाने एक नवीन खेळाडू आणून उभे केले. पांढरा सदरा, कमरेच्या वर बांधलेली पँट, वय पंच्याहत्तरच्या आसपास. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, कोणे एके काळी क्लबात खेळायचे, आता नातवाला वर क्लासला सोडून खाली येऊन बसले होते. त्यांनी सवयीने हात पुढे केला. डोळ्यात बघून. इतक्या वर्षांनी माझ्यासमोर सरळ, स्वच्छ, पाच बोटांचा पंजा आला होता.

पण माझ्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. या तळघरात पहिल्यांदाच मी वयाने लहान होतो.

लॅग त्यांनी जिंकला होता, ब्रेक त्यांचा होता, म्हणजे आता नाही तर कधीच नाही. मी पुढे आलेला हात सोडून सरळ खाली वाकलो आणि दोन्ही पायांना हात लावला. गुडघा कटकन वाजला, पण वाकलो. वरून डोक्यावर हात आला. मी डोळे मिटून वाट बघत राहिलो.

आजोबांनी जरा वेळ घेतला. बहुतेक टेबलकडे एकदा बघून घेतलं असावं.

"शतायुषी व्हा," म्हणाले, आणि क्यूच्या टोकाने कूलरसमोरची खुर्ची दाखवली. "बसा आता."