पट्ट्याच्या अलीकडे, पलीकडे

मेसेज बायकोच्या मोबाइलवर आला. स्कूटर तिच्या नावावर आहे. घेतली तेव्हा तिच्या बँकेत कर्जाचा दर जरा कमी होता, एवढंच कारण. हप्ते फेडले मी, पेट्रोल घालतो मी, चालवतोही मीच. पण १९ तारखेला संध्याकाळी सात चाळीसला आरोपी झाली ती.

"अहो, स्टॉप लाइनच्या पुढे वाहन उभे करणे म्हणजे काय हो?" कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता तिने विचारलं. "पाचशे रुपये म्हणतायत."

मी ताडकन उठलो. पुण्यात लाल दिव्याला थांबणाऱ्या मोजक्या लोकांपैकी मी एक आहे. मागचे हॉर्न वाजवतात, शेजारून रिक्षा निघून जातात, एकदा तर मागच्या काकूंनी "झोप लागली का?" असं विचारलंय, तरी मी थांबतो. आणि दंड कशाचा, तर थांबण्याचा! जो थांबलाच नाही, त्याचं चाक पट्ट्याच्या पुढे होतं की मागे, हा प्रश्नच उद्भवत नाही. तो केव्हाच पुढच्या चौकात.

पूर्वी कोपऱ्यावरचे मामा शिट्टी मारून बाजूला घ्यायचे. त्यांच्याशी भांडता यायचं, गयावया करता यायची, गाव कुठलं विचारता यायचं. कॅमेऱ्याला गाव नसतं. शिवाय या प्रकाराला म्हणतात ई-चलन, म्हणजे आपलं चलन तिकडे जाणार हे नावातच आलं.

"मी हे भरणार नाही," मी जाहीर केलं. "कोर्टात जाईन. प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे."

"बरं," ती म्हणाली आणि गॅस बंद केला.

पहिलं काम पुरावा पाहण्याचं. त्यासाठी वेबसाइटवर गाडीचा नंबर आणि चासी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकावे लागतात. चासी क्रमांक चासीवर असणार, हा माझा साधा तर्क. मी टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये गेलो, वर्तमानपत्र पसरलं आणि स्कूटरच्या खाली आडवा झालो. पाचच मिनिटांत सोसायटीतले तीन गृहस्थ माझ्या पायांशी गोळा झाले. एकाचं मत प्लगमध्ये कचरा असणार. दुसऱ्याने ऑइल कधी बदललं होतं ते विचारलं. तिसरे काही न बोलता माझ्या पोटाकडे पाहत राहिले. कपाळाला ग्रीस लावून मी वर आलो, तर बायको आरसीचं कार्ड घेऊन उभी. त्यावर तो आकडा छापलेला होता. पहिल्या दिवसापासून.

मग फोटो उघडला. आणि खरं सांगतो, फोटो चांगला आलाय. गेल्या दहा वर्षांत माझा इतका स्पष्ट फोटो कोणी काढलेला नाही. डावा पाय जमिनीवर, नजर समोर दिव्यावर, चेहऱ्यावर कर्तव्यदक्ष भाव, हुकाला भाजीची पिशवी आणि पिशवीतून मान बाहेर काढून बसलेला दुधी. उजव्या कोपऱ्यात एक मोटारसायकल लाल दिव्यातून सुसाट निघालेली दिसते, पण तिचं मागचं अर्धं चाक तेवढं चौकटीत सापडलंय, नंबरप्लेट बाहेर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. फक्त आमच्या संन्याशाच्या पायाशी दुधी होता.

आणि पट्टा? पट्टा फोटोत दिसतच नव्हता. पुढे झेब्रा क्रॉसिंगचे फिकट डाग होते, उन्हाळ्यात वाळत घातलेल्या पापडांसारखे. स्टॉप लाइन म्हणावी अशी रेघ कुठेही नाही. मला उकळ्या फुटल्या. नसलेली रेघ ओलांडता येते का? हा प्रश्न मी त्या रात्री जेवताना, जेवणानंतर आणि दिवा मालवल्यावरही विचारला.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकांना गाठलं. ते जिल्ह्याच्या एका कोर्टात नाझर होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि अपेक्षित वाक्य टाकलं, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये."

"पण काका, तुम्ही बत्तीस वर्षं रोज चढलात."

"मला पगार होता."

त्यांनी मग कोर्टातला दिवस रंगवून सांगितला. साडेदहाला पोचायचं. बोर्डावर आपला नंबर शोधायचा, तो सत्तरच्या पुढे असणार. पुकारा होईल तेव्हा आपण नेमके चहाला गेलेलो असणार. साहेब रजेवर असले तर तारीख, नसले तरी तारीख. "आणि पुकारा तुझ्या नावाचा होणार नाही," काका म्हणाले. "सूनबाईंच्या नावाचा होईल. त्यांना घेऊन जाणार का, सोमवारी, रजा टाकायला लावून?"

हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. घरी येऊन मी तिला सहज विचारलं, तू कोर्टात काय सांगशील?

"जे खरं आहे ते. गाडी कोण चालवत होतं आणि दुधी कोणी आणला होता. मी तर गवार सांगितली होती."

फिर्यादीपक्षाला यापेक्षा चांगला साक्षीदार मिळणार नाही.

माझी भाची लॉ कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला फोन केला, तर पोरगी हरखलीच. तिचा पहिला पक्षकार! "मामा, इलेक्ट्रॉनिक पुरावा नुसता चालत नाही, सोबत सर्टिफिकेट लागतं. पूर्वी सगळे पासष्ट-बी पासष्ट-बी करायचे, आता १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आलाय, त्यात ते कलम ६३ झालं." मी वहीत लिहून घेतलं. तिने पुढे सांगितलं की कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी लागते, तसा नियमच आहे, १६७-अ, २०२१ सालचा. मी फोन कानाला धरूनच कॅलेंडरकडे धावलो. गुन्हा ४ तारखेचा, मेसेज १९ चा. चार, पाच, सहा करत बोटं मोजली. सोळा! मी विजयाने ओरडलो.

"पहिला दिवस धरत नाहीत, मामा."

पंधरा. बरोबर पंधराव्या दिवशी, संध्याकाळी सात चाळीसला. आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर कधी वेळेवर आलेला नाही आणि इथे हा काटेकोरपणा.

"नाहीतर गुन्हा कबूल करून टाका," ती म्हणाली. मोटार वाहन कायद्यात कलम २०८ म्हणून आहे. बारीकसारीक गुन्ह्यांत समन्सवरच लिहून येतं की हजर व्हायचं नसेल तर रक्कम मनिऑर्डरने पाठवा आणि तिच्या कुपनावरच गुन्हा कबूल करा. हे ऐकून मला जरा गहिवरून आलं. मनिऑर्डर! खाली संदेशाला दोन ओळी असायच्या. 'सर्व क्षेम. दंड मिळताच कळवणे. थोरांस नमस्कार.'

पण कबूल कशाला करू? मी पट्टा ओलांडलाच नव्हता. नसलेला पट्टा.

शाळेतला एक मित्र वकील आहे. तो जमिनीचे दावे चालवतो. बांध, वहिवाट, वाटप यांत त्याचे केस पांढरे झाले. माझी फाइल (तोपर्यंत फाइल झाली होती) त्याने मन लावून चाळली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "चतु:सीमा काय?"

"कशाच्या?"

"तुझ्या चाकाच्या. उत्तरेला झेब्रा, दक्षिणेला तू. मधला बांध कोणी कोरला?"

मी म्हटलं, बांध नव्हे, पट्टा, आणि तो पुसला गेलाय. "म्हणजे हद्दीच्या खुणा नष्ट," तो खुलला. "मोजणी मागू. कोर्ट कमिशनर नेमून घेऊ. या चौकात तू किती वर्षं उभा राहतोयस?"

"बावीस."

"त्याच जागेवर?"

"साधारण."

"उघडपणे, अखंड, कोणाची परवानगी न घेता?" तो क्षणभर स्वप्नात गेला. "खासगी जमीन असती तर बारा वर्षांतच कब्जा पक्का. पण सार्वजनिक रस्त्याला तीस वर्षं लागतात. आठ वर्षं कमी पडतायत रे." आठ वर्षं आणखी तिथेच उभा राहून मग ये, असा त्याचा सल्ला. फी घेतली नाही, पण मिसळ मी दिली. दोन प्लेट, जादा पाव आणि ताक.

मोजणीची कल्पना मात्र डोक्यात राहिली. रस्त्यावरच्या रेघांसाठी इंडियन रोड काँग्रेसची स्वतंत्र संहिता आहे, क्रमांक ३५. (ही काँग्रेस १९३४ सालची. निवडणूक लढवत नाही.) म्हणजे रेघ कशी असावी हे लिहून ठेवलेलं आहे. ती आहे की नाही, हे बघायला कोणीतरी जायला हवं. रविवारी सकाळी सहाला बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप आणि फोटोची प्रिंट घेऊन मी चौकात गेलो.

रस्ता रिकामा होता. मी फोटोतल्या झाकणावरून आणि दुभाजकाच्या टोकावरून अंदाज घेत उकिडवा बसलो, टेप लावली, उठलो, वहीत आकडा लिहिला, परत बसलो. मान वर केली तर चहाच्या टपरीवाला समोर उभा. हातात कटिंग.

"घ्या साहेब. रुंदीकरण आहे का?"

मी नाही म्हटलं. रस्त्यावर टेप लावणाऱ्याने नाही म्हटलं की त्याचा अर्थ हो होतो, हे मला तेव्हा कळलं. वडापावची गाडी लावणारा लगबगीने आला आणि आपला परवाना दाखवायला लागला. फुलवालीने विचारलं, आमच्या बाजूने जाणार की पलीकडून? पेपर टाकणारा पोरगा सायकलवरूनच बातमी घेऊन पुढच्या गल्लीत गेला. एक आजोबा छडी उगारून म्हणाले, नव्वद सालापासून मोजतायत नुसते. दहा मिनिटांत माझ्याभोवती जी माणसं जमली, त्यांच्यापैकी एकही नंतर साक्षीला आला नसता.

चहाचे पैसे त्याने घेतले नाहीत. मी लाच घेतली, असं आता म्हणायला हरकत नाही.

आणि या सगळ्या गर्दीत, टेपचं टोक धरून ठेवणाऱ्या वडापाववाल्याच्या चपलेशेजारी, मला पट्टा दिसला. पूर्ण नव्हे. टायरांनी खाल्लेला, पण तिरप्या उन्हात डांबरावर पांढऱ्या रंगाचे कण ओळीत चमकत होते. मी नखाने खरवडून पाहिलं. रंगच. फोटो काढून ठिकाणाशी ताडून पाहिला, पुन्हा टेप लावली. माझं पुढचं चाक त्या ओळीच्या दोन फूट चार इंच पुढे होतं.

हा आकडा मी कुणालाही सांगितला नाही. वहीतलं ते पान फाडून खिशात घातलं.

आता खरी ओढाताण सुरू झाली. निर्दोष माणसाने कोर्टात जाणं वेगळं. आपण दोन फूट चार इंच दोषी आहोत हे ठाऊक असताना पट्टा दिसत नव्हता म्हणून भांडायचं का? पट्टा खरोखरच दिसत नव्हता! जमिनीला नाक लावल्याशिवाय तो कुणालाच दिसला नसता, आणि दिव्यापाशी थांबताना मी नाक जमिनीला लावत नाही. दुसरीकडे, झेब्रा क्रॉसिंगचे पापड तर दिसत होते, आणि माझं चाक पहिल्या पापडाला टेकलेलं होतं. एखादी म्हातारी रस्ता ओलांडत असती तर मला वळसा घालून गेली असती. हे मला रात्री तीनला सुचलं, आणि तीनला सुचलेलं सकाळी जात नाही.

हिशोबही मांडून पाहिला. २०१९ ला कायदा बदलला, त्याआधी त्यात हाच दंड पहिल्या खेपेला शंभर रुपये होता. महाराष्ट्रात नवे दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. शंभर असता तर तत्त्व इतकं मोठं झालं नसतं, हेही कबूल करायला हवं. तिची एक रजा, माझी एक, रिक्षा, झेरॉक्स, मिसळ आधीच झालेली. लोकअदालतीपर्यंत थांबा, तिथे निम्म्यावर सुटतं, असं सोसायटीच्या ग्रुपवर दोघांनी सांगितलं. तिथल्या निकालावर अपील नसतं हे नाझरकाकांनी सांगितलं. मला ते आवडलं. अपील नसलं की रात्री झोप लागते.

या तीन आठवड्यांत बायको रोज जेवायला वाढताना विचारायची, "काय ठरलं?" मी नवा मुद्दा सांगायचो. ती मन लावून ऐकायची. "असं होय," म्हणायची. एकदा तर तिने स्वतःहून कलम ६३ बद्दल विचारलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण माझं म्हणणं इतकं सलग तिने कधी ऐकलं नव्हतं.

शेवटी मधला मार्ग ठरवला. आधी ऑनलाइन तक्रार नोंदवायची, फेटाळली तर लोकअदालत. दोन फूट चार इंचांचा उल्लेख टाळून मी दीड पानाचा मजकूर तयार केला, साइट उघडली, चासीचे चार आकडे आता तोंडपाठ होते ते टाकले. प्रलंबित चलन: शून्य.

पुन्हा टाकून पाहिलं. शून्य!

त्यांनी मागे घेतलं होतं. कोणीतरी, कुठल्यातरी खुर्चीत बसलेल्या सज्जन माणसाने तो फोटो नीट पाहिला असणार, पट्टा शोधला असणार, सापडला नसणार. मी खाली जाऊन नाझरकाकांना सांगितलं. भाचीला फोन केला, तिला थोडं वाईट वाटलं. वकीलमित्राला मेसेज टाकला: ताबा मिळाला. कोपऱ्यावरून पाव किलो पेढे आणले, देवापुढे ठेवले, आणि एक बायकोच्या हातावर ठेवून सगळी हकिकत सांगितली.

तिने पेढा शांतपणे खाल्ला. मग मोबाइल उघडून माझ्यापुढे धरला. पावती होती. ५०० रुपये, १९ तारीख, संध्याकाळी सात बावन्न. कुकर उतरायच्या आधीच.

"अगं, मग मला बोलली का नाहीस? तीन आठवडे?"

"तुम्ही कुठे विचारलंत? तुम्ही तत्त्वाचं बोलत होतात." तिने दुसरा पेढा उचलला. "आता ते पाचशे द्या. नोटीस माझ्या नावावर आली म्हणून काय झालं, चाक तुमचं होतं. आणि ते चिठोरं घ्या, पँट धुवायला टाकताना खिशात सापडलं. दोन फूट चार इंच म्हणजे काय, पडद्याचं माप आहे का?"