आईला अल्झायमर म्हणजे मुलांनाही होणारच?

‘आई-वडिलांना अल्झायमर असेल तर मुलांनाही होणारच’ असा मेसेज फिरतोय. हे खरं नाही. एकाच जनुकातल्या दोषामुळे पुढच्या पिढीत उतरणारा प्रकार फार दुर्मीळ, जेमतेम १ टक्का रुग्णांत; तो बहुधा वयाच्या ६५ वर्षांआधीच दिसतो. एरवी मुलांना धोका वाढतो, पण आजार ठरलेला नसतो. हा धोका वाढवणारं ‘एपीओई-४’ जनुक असूनही अनेकांना तो होत नाही.

माझी आई हल्ली मला तिची ताई समजते. त्यामुळे गॅसवरचं दूध विसरले तरी माझ्या पोटात गोळा येतो. पण दूध उतू जाणं वेगळं, रोजच्या रस्त्यावर घर न सापडणं वेगळं. विसरणं वाढलंच तर डॉक्टरांकडे जा; बी-१२, थायरॉइड, नैराश्य यांचीही तपासणी करा. त्यांवर उपचार आहेत.