थोडं पाणी मारलं तर?

नामिबियाहून परतल्यापासून एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारला. "ती दगडांवरची चित्रं खरंच बघण्यासारखी आहेत का? नेटवर तर लोक लिहितात की काही दिसतच नाही, पैसे वाया." फोनवर तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी कबुली. दिसत नाही, हे खरं आहे. निदान पहिल्या पाच मिनिटांत तरी. तुम्ही उन्हातून दगड चढत जाता, वाटाड्या एका कपारीपाशी थांबून बोट दाखवतो, आणि तुम्हाला तिथे दिसतो तपकिरी दगडावर तपकिरी डाग. माझा नवरा माझ्या कानात कुजबुजला, "हे?" मीही मनातल्या मनात तेच म्हणत होते.

आम्ही पाच जण होतो. आम्ही दोघं, ११ वर्षांची मुलगी, ७ वर्षांचा मुलगा आणि माझे सासरे. बाबा चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेत. जुलैत गेलो, म्हणजे तिकडचा हिवाळा. टपावर तंबू असलेली गाडी विंडहूकमध्ये भाड्याने घेतली आणि पहिला मुक्काम ठेवला स्पिट्झकॉपेला. बाबांना शिडी चढून टपावर झोपायला लावणं बरं दिसेना, म्हणून त्यांच्यासाठी जमिनीवरचा एक तंबू वेगळा घेतला होता. त्याचा उपयोग असा झाला की दुसऱ्या रात्रीपासून नातू-आजोबा खाली आणि आम्ही तिघं वर.

स्पिट्झकॉपेचं वर्णन करायला माझ्याकडे धड शब्द नाहीत. मैलोन्मैल सपाट, पिवळट माळ, आणि त्यातून अचानक वर आलेला तांबूस ग्रॅनाइटचा डोंगर. समुद्रसपाटीपासून १,७२८ मीटर, आणि पायथ्याच्या माळापासून जवळजवळ ७०० मीटर उंच. सुमारे १२-१३ कोटी वर्षांपूर्वी, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एकमेकांपासून सुटत होत्या त्या काळात, जमिनीखाली शिलारस साठला आणि तिथेच थंड होऊन ग्रॅनाइट झाला. नंतर वरची जमीन झिजत गेली आणि आतला दगड उघडा पडला. वरचं ओझं उतरलं की असा खडक किंचित फुगतो आणि त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. म्हणून तिथल्या शिळा इतक्या गोल, गुळगुळीत आहेत. काही ठिकाणी हात ठेवला की पापुद्रा पोकळ वाजतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कॅम्पिंगबद्दल थोडक्यात. जागा तिथला स्थानिक समाज चालवतो. तंबूच्या जागा शिळांच्या आडोशाला एकमेकींपासून इतक्या दूर की शेजारी कोणी आहे हे फक्त रात्री शेकोटीच्या ठिपक्यावरून कळतं. आमच्या जागेवर वीज नव्हती, नळ नव्हता, संडास खड्ड्याचा होता. मुलीने पहिल्या दिवशी त्यावरून बराच तमाशा केला आणि तिसऱ्या दिवशी विषय विसरली. पाणी गाडीच्या टाकीत भरून आणलेलं, त्यातच पिणं, स्वयंपाक, भांडी. भांडी वाळूने घासून मग एका मगात विसळायची, हे मुलांना शिकवायला लागलं नाही, आजोबांचं बघून आलं. रात्री थंडीने दात वाजत होते, पण आकाशगंगा इतकी दाट की त्रिशंकू शोधायला आधी बाकीचे तारे बाजूला सारावे लागले.

आता चित्रं. तिथल्या एका कपारीत वाटाड्या आम्हाला घेऊन गेला. तो डमारा समाजातला, चाळिशीचा, मितभाषी माणूस. त्याच्या भाषेत जिभेने टचकारे काढून बोलायचे चार वेगवेगळे उच्चार आहेत, ते त्याने मुलांना शिकवले. माझ्या मुलाला त्यातले दोन पहिल्या झटक्यात जमले. मला अजून एकही जमलेला नाही.

चित्रं काढणारे मात्र त्याचे पूर्वज नव्हेत, सान लोक. ज्यांना आपण पुस्तकात बुशमन म्हणून वाचलं ते. बुशमन हे नाव गोऱ्या वसाहतवाल्यांनी दिलं आणि सान हे शेजारच्या खोईखोई पशुपालकांनी. त्यांच्यातल्या प्रत्येक गटाची स्वतःची नावं वेगळीच आहेत. चित्रं काही हजार वर्षांची. आणि रंग? मुख्यतः गेरू. बाबा एकदम खुलले. "अगं, गेरूच आहे हा!" गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड, दगडात मुरतं आणि टिकतं. पांढरा रंग तसा मुरत नाही, तो आधी जातो. त्यामुळे दक्षिण आफ्रिकेत कित्येक ठिकाणी सांबरासारख्या एलँडचं लाल धड शिल्लक आहे, पण पांढऱ्यात रंगवलेलं डोकं आणि पाय उडून गेलेत. बघणाऱ्याला वाटतं चित्रकाराने अर्धवट सोडलं.

दरम्यान आमचे चिरंजीव दुसऱ्याच शिळेसमोर उभे. तिच्यावर वरून खालपर्यंत पांढरे झळझळीत ओघळ. "हे मोठ्ठं चित्र कोणी काढलं?" वाटाड्या पहिल्यांदा मोकळेपणाने हसला. ते चित्र डॅसी नावाच्या, सशाएवढ्या प्राण्याच्या मुताचं होतं. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी करतात. वर हेही कळलं की दिसायला घुशीसारखा असला तरी हा प्राणी हत्तीच्या जवळच्या नात्यातला. मुलाच्या लेखी सहलीतली सर्वांत मोठी माहिती हीच.

दहा मिनिटं त्या तपकिरी डागांसमोर बसल्यावर एक डाग गेंडा झाला. अक्षरशः झाला. आधी पाठीची रेघ, मग शिंग. बाबा म्हणाले, "पाठीची रेघ बघ, कुठे हात उचललेला नाही." मग शेजारी माणसं दिसली, काडीसारखी, एकामागे एक. त्यांच्याही मागे अजून काहीतरी होतं, पण ते येईना. आणि इथे बाबांनी, ज्यांनी आयुष्यभर पोरांना जलरंग शिकवले त्यांनी, अगदी सहज पाण्याची बाटली काढली आणि विचारलं, "थोडं पाणी मारलं तर? ओल्या दगडावर रंग उठून येतो."

चूक काहीच नव्हतं त्यात. येतोच. नदीतला गोटा ओला असताना किती सुंदर दिसतो आणि घरी आणला की मरगळतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

वाटाड्या रागावला नाही. बाटलीकडे बघून एवढंच म्हणाला, की सगळ्यांनी हेच केलं. पाहुणे आले, पाणी मारलं, फोटो काढला, गेले. काहींनी तर पाण्याऐवजी शीतपेय मारलं. असं अनेक वर्षं चाललं. पाणी दगडातले क्षार विरघळवतं आणि सुकताना ते पृष्ठभागावर आणून ठेवतं. त्यांचा पांढुरका पडदा चित्रावर बसतो. शिवाय सुटू पाहणारा पापुद्रा अजून सुटतो. म्हणजे तुमच्या एका फोटोसाठी चित्र क्षणभर उजळतं, आणि पुढच्या माणसासाठी थोडं आणखी पुसट होतं. बाबांनी बाटलीचं झाकण लावलं. दिवसभर गप्प होते.

तर "काही दिसत नाही" म्हणून एक तारा देणाऱ्या मंडळींना माझं हेच म्हणणं आहे. ऊन, वारा, पापुद्रे हे होतंच, त्याला इलाज नाही. पण जे अजून दिसलं असतं, त्यातलं बरंचसं आपल्यासारख्याच नीट बघू इच्छिणाऱ्या लोकांनी घालवलं. वेड्यावाकड्यांनी नव्हे, हौशी, चांगल्या घरच्या, पोराबाळांना घेऊन आलेल्या लोकांनी. वेडेवाकडे वेगळे. स्पिट्झकॉपेलाच बुशमन्स पॅराडाइज नावाची जागा आहे, साखळी धरून उतरत्या कातळावर चढत जावं लागतं. बाबा खाली थांबले, आम्ही चढलो. वर कपार छान, पण चित्रांवर इतके फरांटे आणि इतकी पुसापुशी की मुलगी चिडून परत फिरली. पण मला भीती पहिल्या प्रकाराची जास्त वाटते, कारण मी त्यात बसते.

तिथून पुढे ब्रँडबर्गला गेलो. डमारा भाषेत दाउरेस, जळता डोंगर. नामिबियातलं सर्वांत उंच शिखर, २,५७३ मीटर, याच डोंगरात. तिथली प्रसिद्ध 'व्हाइट लेडी' बघायला वाटाड्याशिवाय सोडतच नाहीत. कोरड्या नदीच्या घळीतून चांगली तासाभराची चाल, आणि शेवटी कठड्यामागे जेमतेम ४० सेंटीमीटरची आकृती. राइनहार्ड माक या जर्मन माणसाला ती १९१८ च्या जानेवारीत दिसली. पुढे फ्रेंच धर्मगुरू आणि गुहाचित्रांचे त्या काळचे मोठे जाणकार आंरी ब्रय यांनी तिच्यात भूमध्य समुद्राकडून आलेली गोरी स्त्री पाहिली. आफ्रिकेतल्या शिकारी माणसाने असं काही काढलं असेल हे त्या काळच्या युरोपीय डोळ्यांना पटायला जड होतं. आज अभ्यासक म्हणतात ती गोरी नाही, स्त्रीही नाही. अंगाला पांढरा रंग लावलेला, हातात धनुष्यबाण घेतलेला पुरुष आहे, बहुधा विधी करणारा वैदू. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं, पाट्यांवर अजून तेच.

कठड्याबद्दल लोक फार कुरकुरतात. आमच्या पुढच्या गटातले एक गृहस्थ म्हणत होते, एवढं चालून आल्यावर दोन फूट जवळ जाऊ दिलं तर काय बिघडतं. मला ते ऐकून हसू आलं, कारण ब्रय यांना कोणताच कठडा नव्हता.

याच डोंगरात हॅराल्ड पागर नावाच्या माणसाने काय केलं ते ऐका. १९७७ पासून १९८५ मध्ये मरेपर्यंत तो पाण्या-सावलीशिवायच्या या डोंगरात राहून एकेका कपारीतली चित्रं पारदर्शक फिल्मवर उतरवत राहिला. सुमारे ८७९ ठिकाणं, ४३,००० च्या वर आकृत्या. बाबांनी हा आकडा माझ्याकडून दोनदा वदवून घेतला आणि वहीत लिहिला.

आता कोणी म्हणेल, मग नीट बघायचंच नाही का? बघा की. फोटोत बघा. जॉन हार्मन यांनी बनवलेला डीस्ट्रेच नावाचा प्रोग्रॅम आहे. रंगांमधला डोळ्याला न जाणवणारा फरक तो ताणून वाढवतो. मूळ पद्धत उपग्रहांच्या छायाचित्रांसाठी विकसित झालेली. मोबाइलवरही चालतो. फ्लॅश न वापरता फोटो घ्यायचा, दगडाला बोट लावायचं नाही, आणि नंतर तंबूत बसून बघायचं. मुलीने त्या गेंड्याच्या फोटोवर तो चालवला, तर स्क्रीन भडक गुलाबी-निळी झाली आणि माणसांच्या मागे जे आम्हाला येत नव्हतं ते आलं: आणखी एक जनावर, गेंड्यापेक्षा मोठं, डोकं नसलेलं. डोकं पांढऱ्यात रंगवलं असणार, असं बाबांचं म्हणणं. टॉर्चच्या उजेडात आम्ही पाचही जण त्या चार इंची पडद्यावर वाकलो होतो.

ट्वायफलफाँटेनबद्दल एवढंच, की ज्यांना स्पष्टच हवंय त्यांनी तिथे आधी जावं. तिथे बहुतेक रंगवलेली नाहीत, कोरलेली आहेत. कातळशिल्पंच, फक्त आपल्या कोकणातल्यासारखी पायाखालच्या सड्यावर नाहीत, लाल वालुकाश्माच्या उभ्या-तिरक्या शिळांवर. दोन हजारांवर. २००७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेलं हे नामिबियातलं पहिलं ठिकाण. एका सिंहाच्या शेपटीच्या टोकाला पंजाचा ठसा आहे आणि पंजांना माणसासारखी पाच-पाच बोटं. तो सिंह होत चाललेला माणूस असावा असं मानतात. छानच आहे. पण माझं मन मागेच राहिलं होतं.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं, पण लिहिते, नाहीतर वरचा सगळा उपदेश खोटा. स्पिट्झकॉपेहून निघायच्या सकाळी तंबू आवरताना दिसलं की आमच्या जागेमागच्या शिळेवर एक गेंडा आहे. कोळशाचा. शेकोटीतला. चिरंजीवांनी आदल्या संध्याकाळी काढलेला, एका रेघेत, हात न उचलता. बाबा क्षणभर बघतच राहिले, आणि मला स्पष्ट दिसलं की त्यांना तो आवडलाय. मग त्यांनीच कोरडा ब्रश आणला. पाणी वापरायचं नाही हे आता नातू त्यांना सांगत होता. पाऊण तास घासलं. मागचा एक पाय शेवटपर्यंत हटला नाही.

फाटकावर जाऊन मी सांगून टाकलं. तिथल्या माणसाने वही उघडली, आमच्या जागेचा नंबर लिहिला, आणि मान वर करून मुलाला विचारलं, "काय काढलं होतंस?"

"गेंडा," तो म्हणाला. आणि त्याने तेही लिहून घेतलं.