माप ओलांडा, पण बोर्डिंग पास बघून

लग्नानंतर पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या सर्व नववधूंना माझी पहिली सूचना अशी की तिकीट स्वतः काढू नका. ते सासरच्यांना काढू द्या. मधुचंद्राचं तिकीट हा आहेर असतो आणि आहेरावर नवं नावच शोभतं. लग्न डिसेंबरात आणि तिकीट ऑक्टोबरात स्वस्त मिळालं. धाकटे दीर हौसेने लॅपटॉप घेऊन बसले, त्यांनी यादीतून ‘मिसेस’ निवडलं आणि पुढे असं एक नाव टाईप केलं, जे त्या दिवशी कोणाचंच नव्हतं. पासपोर्टवर तुम्ही अजून वैशाली माधव साठे. तिकिटावर मात्र कधीच मधुरा अनिकेत क्षीरसागर. काउंटरवरची मुलगी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून तुमच्याकडे बघू लागली की नुसतं हसा. नव्या नवरीने उलट उत्तर देऊ नये.

“मॅडम, या मधुरा कोण?” असं तिने विचारलंच, तर मोबाईलमधला तांदळाच्या ताटाचा फोटो काढून दाखवा. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले, नवरदेवाने सोन्याच्या अंगठीने त्यात नाव लिहिलं, पेढे वाटले गेले, आत्याबाई “छान आहे हो, त्याच्या नावाला शोभतंय” असंही म्हणाल्या. एवढे साक्षीदार खुनाच्या खटल्यातही मिळत नाहीत. तरी विमान कंपनीचं समाधान होत नाही, कारण ताटावर नोटरीचा शिक्का नसतो. घरात अजून एखादं लग्न व्हायचं असेल तर भटजींच्या शेजारी एक पाट नोटरीसाठी मांडून ठेवा.

तुम्ही म्हणाल, माझं पहिलं नाव बदललेलं नाही, फक्त आडनाव बदललंय. अभिनंदन. आता मला सांगा, कोणतं? सासऱ्यांच्या पासपोर्टवर क्षीरसागर एका ‘आय’चे आहेत, नवऱ्याच्या पॅनवर दोन ‘ई’चे, आणि तुमच्या आधार कार्डावर केंद्रातल्या मुलाने ‘र’नंतर एक जास्तीचा ‘ए’ घालून दिला आहे. क्षीरसागरांच्या घरात हे सगळे गुण्यागोविंदाने नांदतात. पुरुषांचं भागतं, कारण प्रत्येकाने आपापलं स्पेलिंग पहिलीपासून सांभाळलेलं असतं. तुम्ही तिशीत या कुळात प्रवेश करता आणि तीन क्षीरसागरांतून एक निवडता. बऱ्याच विमान कंपन्या नावातली दोन-तीन अक्षरांची चूक दुरुस्त करून देतात. साठ्यांचं क्षीरसागर होणं ही दोन-तीन अक्षरांची चूक नाही, हे मात्र त्या नम्रपणे सांगतात आणि नवं तिकीट काढायला सुचवतात, त्या दिवशीच्या भावाने.

तिकिटावर तुमच्या नावाला ‘मिसेस’ चिकटून छापलं गेलं असेल, मध्ये जागासुद्धा न सोडता, मधुरामिसेस असं, तर घाबरू नका. आरक्षणाच्या जुन्या संगणकप्रणालीची ती खोड आहे. पुरुषांनाही ‘मिस्टर’ तसाच चिकटतो. त्यांना तो पहिल्या प्रवासाला चिकटतो तो शेवटच्या प्रवासापर्यंत. तुमचा ‘मिस’ आणि ‘मिसेस’ मात्र फ्रीक्वेंट फ्लायरच्या खात्यात वेगवेगळ्या दोन बायका म्हणून नांदत राहतात, आणि लग्नाआधी साठवलेले पॉइंट्स त्या पहिलीच्या नावावर पडून असतात. तिने ते वापरायला यायचं ठरवलं तर तिला ओळखपत्र लागेल.

आता दारावर या. सीआयएसएफचा जवान तिकीट बघेल, आधार बघेल, पुन्हा तिकीट बघेल आणि म्हणेल, “नाव सांगा.” हे दोन शब्द लग्नात तुम्ही एवढ्या वेळा ऐकलेले असतात की तोंडून आपोआप उखाणा निघेल. अडवू नका त्याला.

पासपोर्टवर माहेर, तिकिटावर सासर,
अनिकेतराव पुढे गेले, मी दारातच हजर.

आणि अनिकेतराव खरंच पुढे गेलेले असतात. त्यांचं नाव तिकिटावर, आधारवर, पॅनवर, पासपोर्टवर आणि दहावीच्या मार्कलिस्टवर एकच आहे. ते काचेपलीकडून हाताने ‘काय झालं?’ असं विचारतील. मग कॉफीच्या दुकानाकडे बोट दाखवून ‘मी तिथे आहे’ असं सांगतील. त्यांच्यावर रागावू नका. आपल्याला नवं नाव दिलं की ते कुठे कुठे कळवावं लागतं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

रांगेचा कंटाळा असेल तर डिजीयात्रा वापरा. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीला ही सोय सुरू झाली, मग इतर विमानतळांवर आली. तुमचा चेहरा हीच तुमची ओळख, कागद दाखवायला नको, अशी ती सुंदर कल्पना आहे. फक्त ॲपमध्ये ओळख भरायची ती आधारवरून, आणि आधारवरचं नाव बोर्डिंग पासवरच्या नावाशी जुळायला हवं. म्हणजे चेहरा तुमचाच आहे हे यंत्राला पटतं, पण तो कोणाचा आहे यावर घोडं अडतं. मग तुम्ही बाजूच्या जुन्या रांगेत जाता, जिथे मघाचाच जवान उभा असतो. तो तुम्हाला ओळखतो, चेहऱ्याने.

उभं राहून पाय दुखू लागले की सुटकेसच्या कडीला लावलेली पट्टी वाचा, करमणूक होईल. मुंबईला जात असाल तर तिच्यावर बी-ओ-एम अशी तीन अक्षरं असतील. या शहराचं नाव १९९५ मध्ये बदललं. विमानतळाला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव दिलं गेलं आणि त्यात ‘महाराज’ हा शब्द २०१८ मध्ये वाढवला. एवढं होऊनही जगभरचे संगणक मुंबईला तिच्या जुन्या नावाच्या अक्षरांनी ओळखतात, तिच्याकडे प्रतिज्ञापत्र मागत नाहीत आणि तिच्या धावपट्टीवर विमानं बिनबोभाट उतरतात. मद्रासची चेन्नई झाली तरी तिची पट्टी एम-ए-ए अशीच आहे. शहरांचं बरं असतं. त्यांना सासर नसतं.

यापुढे प्रवासाला निघताना एक फाईल बाळगा. तिच्यात विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र अर्थातच हवं. ते प्रेमाने उघडून वाचा, कारण काउंटरवर ते वाचणारे तुम्ही एकट्याच असाल. त्यात वैशाली माधव साठे हिचा विवाह अनिकेत क्षीरसागर याच्याशी अमुक तारखेला झाला एवढं लिहिलेलं असतं. वैशालीची मधुरा झाली हे त्यात बहुतेकदा कुठेच नसतं. म्हणजे तुमचं लग्न झालंय हे सिद्ध होतं. मधुराचं झालंय का, हा प्रश्न तसाच राहतो. अनिकेतरावांच्या दृष्टीने ही परिस्थिती जरा नाजूकच.

मधुराला कायदेशीर जन्म द्यायचा असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. पूर्वी यासाठी लोक चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात खेटे घालत, आता अर्ज ऑनलाइन भरता येतो. जुनं नाव, नवं नाव, कारण. कारणाच्या रकान्यात ‘विवाह’ असं लिहा. ‘आत्याबाईंना आवडलं’ असं लिहू नका, जरी तेच खरं असलं. राजपत्र आलं की आधार, मग पॅन, मग बँक, मग पासपोर्ट, असा एकेक कागद बदलत जायचं. मधल्या काळात तुमच्या पर्समध्ये तीन बायका असतात. फॉरेक्स कार्ड पॅनवरच्या बाईला मिळतं, व्हिसा पासपोर्टवरच्या बाईला मिळतो, आणि परदेशातल्या हॉटेलचं आरक्षण तिसरीच्याच नावावर असतं. त्यातली जी आधी पोचेल तिने खोली उघडावी.

नव्या पासपोर्टचा अर्ज हा या सगळ्याचा कळस. त्यात दोनच रकाने असतात, एक आडनावाचा आणि एक उरलेल्या नावाचा. मराठी माणसाचं नाव तीन खणांचं असतं, त्यामुळे मधलं नाव दुसऱ्या रकान्यात दाटीवाटीने बसतं. आजवर तिथे वडील होते, आता नवरा येईल. माहेरही सुटू नये म्हणून दोन्ही आडनावं लावायचा आधुनिक विचार तुमच्या मनात असेल तर जरूर लावा, मात्र आधी मोजा. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी ज्या दोन यांत्रिक ओळी असतात, त्यांतल्या वरच्या ओळीत ४४ खणांपैकी पाच खण दस्तऐवजाचा प्रकार आणि देश घेतात. तुमच्यासाठी उरतात ३९. आडनाव आधी लिहायचं, मग दोन खुणा सोडायच्या, मग बाकीचं नाव, आणि प्रत्येक मोकळ्या जागेलाही एक खण. समजा तुम्ही ज्ञानेश्वरी चंद्रशेखर कुलकर्णी-देशपांडे आहात. रोमन लिपीत मोजून बघा, ४७ खण लागतात. आठ जास्त. अशा वेळी शेवटून कापायची पद्धत आहे आणि शेवटी कोण बसलंय? चंद्रशेखरराव. त्यांचा नुसता ‘चंद्र’ उरतो.

ही या संपूर्ण व्यवस्थेतली एकमेव जागा आहे जिथे दोन्ही आडनावं शाबूत राहून नवरा कापला जातो. सासरी हे सांगू नका, पासपोर्ट लपवून ठेवतील.

जुन्या पासपोर्टचं काय करायचं? त्याचा कोपरा कापून तो परत देतात. तो जपा, कारण त्यात लग्नाआधी मिळालेला दहा वर्षांचा अमेरिकेचा व्हिसा असतो, वैशालीच्या नावाचा. नाव बदललं असेल तर नवा व्हिसा घ्यावा अशी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची शिफारस आहे. म्हणजे पुन्हा फॉर्म, पुन्हा फी, पुन्हा वांद्रे-कुर्ला संकुलातली रांग. फॉर्ममध्ये ‘यापूर्वी तुम्ही दुसरं कोणतं नाव वापरलं आहे का?’ असा प्रश्न असतो. त्याच प्रश्नाला अट्टल गुन्हेगारांनाही उत्तर द्यावं लागतं, म्हणून संकोच वाटू देऊ नका.

दोन्ही घरं नाराज नकोत म्हणून आडनावच न लावणाऱ्या काही हुशार मुली असतात. त्यांनी अवश्य नुसतं ‘मधुरा’ राहावं. अमेरिकेच्या व्हिसावर ते आडनावाच्या जागी जाईल आणि पहिल्या नावाच्या जागी एफ-एन-यू येईल, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. तिथे ‘मिस फनू’ अशी हाक ऐकू आली की ओ द्यायची सवय करा. दुबईला जायचं असेल तर मात्र जपून. संयुक्त अरब अमिरातींनी नोव्हेंबर २०२२ पासून एकशब्दी नावाच्या पर्यटकांना दारातच अडवायला सुरुवात केली. वडिलांचं किंवा घराण्याचं नाव पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर असलं तर चालेल, अशी सवलत मागाहून दिली. शेवटी वडीलच उपयोगी पडले.

यावर एखादी म्हणेल, मग नाव बदलूच नये. बदलायलाच हवं असा कोणताही कायदा नाहीच. एप्रिल २०१७ मध्ये तर पंतप्रधानांनीच जाहीर केलं की पासपोर्टसाठी बायकांनी लग्नानंतर नाव बदलायची गरज नाही. अशा बातम्या सासरी मोठ्याने वाचू नयेत, दिवाळसणाच्या आसपास तर मुळीच नाही. आणि समजा नाही बदललं, तुम्ही साठ्यांच्या साठेच राहिलात, तर मुलाला घेऊन एकट्या लंडनला जाऊन बघा. तिथले अधिकारी अतिशय सभ्यपणे विचारतात की हा क्षीरसागर आडनावाचा मुलगा तुमचा कोण. वेगळ्या आडनावाच्या पालकांनी जन्मदाखला जवळ ठेवावा असं तिथल्या सरकारनेच सांगून ठेवलंय. आणि मुलाला आधीच शिकवून ठेवा की कोणी विचारलं तर ‘मम्मा’ म्हणायचं, ‘वैशाली’ म्हणायचं नाही. हल्लीची मुलं आईला नावाने हाक मारतात, आणि कोणत्या नावाने मारतील याचा नेम नाही.

आता थोडं अशुभ बोलते. एखादीला पुढे मागे माहेरचं नाव परत लावावंसं वाटलं, तर तीही सोय आहे. केंद्राच्या राजपत्रात नाव छापणाऱ्या दिल्लीच्या प्रकाशन विभागाने त्यासाठी घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत किंवा नवऱ्याचं ना हरकत पत्र मागितलं होतं, ज्याच्याविरुद्ध २०२४ मध्ये एक बाई दिल्ली उच्च न्यायालयात गेली. तुम्ही कोर्टात वगैरे जाऊ नका. तुमचं स्वतःचं, बारशाला ठेवलेलं नाव तुम्ही वापरायला नवऱ्याची हरकत नाही, एवढंच तर लिहून घ्यायचंय. रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, त्यांचा मूड बघून कागद पुढे करा. फक्त सहीच्या खाली त्यांचं नाव पूर्ण लिहून घ्या. नुसतं ‘चंद्र’ चालणार नाही.