डोळे मिटलेलं कासव होळीपर्यंत झोपत नाही

‘कासवाचे डोळे सुजलेत, उघडत नाहीत? घाबरू नका!’ अशा मथळ्याचा एक मेसेज थंडी सुरू झाल्यापासून नागपुरातल्या ग्रुपांवर फिरतो आहे. शेवटी जोडलेल्या हातांच्या खुणा आणि ‘पुढे पाठवा, मुक्या जिवाचा आशीर्वाद मिळेल’. तो धरमपेठेत माझ्या बहिणीकडे पोचला, तिने विश्वास ठेवला, आणि भाच्याचं कासव चिकटलेल्या डोळ्यांनी नऊ दिवस उपचाराविना पडून राहिलं. मेसेजवर फोटो स्टार कासवाचा आहे, पण वाचणाऱ्या बहुतेकांच्या घरी असतं ते रेड इअर्ड स्लायडर: ॲक्वेरियमच्या दुकानातलं हिरवंगार पिल्लू, डोळ्यांमागे लाल पट्टा. म्हणून पुढचं सगळं मुख्यतः त्याच्याबद्दल.

‘थंडीत कासव डोळे मिटून झोपी जातं. ही शीतनिद्रा आहे. होळीपर्यंत उठवू नका, खायला देऊ नका.’

सगळ्या मेसेजमध्ये सर्वांत घातक वाक्य हेच. स्लायडर मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. तिथे तळ्याचं पाणी १० अंशांच्या आसपास किंवा खाली उतरतं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहतं, तेव्हा ते तळाच्या गाळात निपचित पडतं. त्याआधी त्यानं खाणं थांबवलेलं असतं, आतडी रिकामी झालेली असतात, उन्हाळाभर साठवलेली चरबी अंगात असते, आणि मुख्य म्हणजे ते धडधाकट असतं. नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० पर्यंत, कधी त्याच्याही खाली जातो हे खरं, पण तो घराबाहेरचा. हॉलमधल्या टाकीचं पाणी सकाळी १८ आणि दुपारी २३-२४ अंश असं खालीवर होत राहतं. एवढ्या पाण्यात कासवाचं शरीर बंद पडत नाही. अंगातली साठवण जळत राहते, पचन मात्र रेंगाळतं आणि रोगाशी लढायची ताकद घटते. याला उपासमार म्हणतात. तीन महिने ‘उठवू नका’ म्हणून ठेवलेलं चाळीस ग्रॅमचं पिल्लू त्यातून उठत नाही.

झोप आणि आजार यांतला फरक घरी बघता येतो. झोपलेल्या कासवाची पापणी सपाट असते, मिटल्याची रेघ बारीक दिसते. मागच्या पायाला बोट लावलं की ते पाय आत ओढतं आणि डोळे उघडतं. आजारी कासवाची पापणी भिजवलेल्या मटकीसारखी फुगून वर येते, फटीत पांढरट पापुद्रा दिसतो, आणि ते पुढच्या पंजांनी डोळे चोळत राहतं. नाकासमोर दाणा तरंगत असला तरी तिकडे वळत नाही, कारण स्लायडर खाणं मुख्यतः नजरेनं शोधतं. दिसत नाही म्हणून खात नाही, खात नाही म्हणून आणखी गळतं, आणि घरचे समजतात की झोपलंय. याच्या जोडीला नाकातून बुडबुडे येत असतील, तोंड उघडून श्वास चालला असेल किंवा पोहताना अंग एका बाजूला कलत असेल, तर संसर्ग फुप्फुसात गेल्याची शक्यता मोठी. मग उद्यावर ढकलू नका.

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत करायचं ते असं. पाणी तासाला एक-दोन अंशांनी वाढवत २७-२८ वर आणा. एका लिटरला साधारण एक वॅट या हिशोबानं ५० लिटरला ५० वॅटचा हीटर पुरतो. हीटर जाळीच्या आवरणात घाला, कासवं काच फोडतात. त्याच्यावरच्या आकड्यावर विसंबू नका, वेगळा थर्मामीटर टाका. आंधळ्यागत झालेल्या कासवाला खोल पाण्यात ठेवू नका, पाठीच्या कवचाच्या काठापर्यंत पाणी बास, आणि सहज चढता येईल अशी कोरडी जागा. औषधाच्या दुकानातलं ०.९ टक्क्यांचं नॉर्मल सलाईन आणा, बिनसुईच्या ५ मिलीच्या सिरिंजनं बाजूनं हलकी धार सोडून दिवसातून दोन-तीनदा डोळे धुवा. पापणी नखानं किंवा कापसानं उघडायचा प्रयत्न करू नका. आतला पापुद्रा बुबुळाला चिकटलेला असतो, ओढला तर बुबुळच सोलवटतं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज वजन करून लिहून ठेवा, डॉक्टरांना याचा खरा उपयोग होतो. खाणं पाण्यातच द्या, स्लायडरला पाण्याबाहेर गिळता येत नाही. चिमट्यात तांदळाच्या दाण्याएवढा कोंबडीच्या कलेजीचा तुकडा धरून तोंडाच्या कडेला लावला की वासावर पकडतं.

‘डोळ्यांत गुलाबजल किंवा मध घाला. नाहीतर मेडिकलमधून माणसांचे ड्रॉप्स आणा.’

गुलाबजल निर्जंतुक नसतं, त्यात बहुधा अत्तर मिसळलेलं असतं. बरणीतल्या मधाचंही तेच, शिवाय तो पापण्या आणखी चिकटवतो. पण खरी भीती मेडिकलच्या ड्रॉप्सची. काउंटरवर पटकन हातात पडणाऱ्या कितीतरी बाटल्यांत अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड असतं. लेबलवर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन वाचलंत तर ती बाटली ठेवून द्या. बुबुळावर जखम असेल आणि स्टेरॉइड पडलं, तर ती भरायची थांबते आणि भोक पडून डोळा जाऊ शकतो. जखम आहे की नाही हे डॉक्टर खास रंगाचा थेंब टाकून बघतात, घरी ते कळणार नाही. दुसरं, सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो. तो पनीरासारखा घट्ट गोळा होतो, थेंबांनी विरघळत नाही. तो डॉक्टरांनाच काढावा लागतो. त्यानंतर दिलेलं मलम लावलं की अर्धा-एक तास कासव पाण्याबाहेर ठेवा, नाहीतर मलम टाकीत धुऊन जातं.

याच मुद्द्याखाली ‘कासव रडलं तर घरावर संकट’ असंही ठोकून दिलंय. कासवाला डोळ्यांतून नाकात उतरणारी अश्रूंची नळीच नसते. म्हणून ओल डोळ्याबाहेर दिसते. सूज नसेल आणि पाणी स्वच्छ असेल, तर त्यात काळजीचंही काही नाही आणि संकटाचंही नाही.

‘सुकी झिंगे हाच पूर्ण आहार. डोळ्यांसाठी पाण्यात गाजराचा रस मिसळा आणि कॉड लिव्हर ऑइलची गोळी फोडून रोज तोंडात सोडा.’

इथे रोगाचं कारण आणि औषध एकाच ओळीत उलटं झालंय. स्लायडरच्या पिल्लांत डोळे सुजण्याचं ठरलेलं कारण म्हणजे जीवनसत्त्व ‘अ’ची कमतरता, आणि ती येते नुसत्या सुक्या झिंग्यांवर वाढवल्यामुळे. जगभरचे पशुवैद्य वापरतात त्या एमएसडी व्हेटर्नरी मॅन्युअलमध्ये कासवांच्या सुजलेल्या पापण्यांमागे हीच कमतरता दिली आहे. डोळ्याभोवतीच्या ग्रंथींचं नाजूक अस्तर जाड आणि कोरडं होतं, त्याच्या खपल्या झडून नळ्या तुंबतात, ग्रंथी फुगतात, मग जंतू शिरतात. पिल्लू अंड्यातून येताना बलकातून थोडा साठा घेऊन येतं, म्हणून सुरुवातीचे काही महिने ठणठणीत दिसतं. ‘इतके दिवस झिंगेच खात होतं, काही झालं नाही’ असं लोक म्हणतात ते यामुळे.

गाजराबद्दल अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. गाजर, कोहळं (पुण्या-मुंबईकडचा लाल भोपळा), रताळं यांतून ‘अ’ बनवायला लागणारं द्रव्य मिळतं. पण ते किसून खाऊ घालायचं असतं. पाण्यात रस मिसळला की फक्त पाणी नासतं. रोजचा आधार चांगल्या तरंगत्या पेलेट्सचा (तयार खाद्याच्या गोळ्यांचा) ठेवा: कासवाचं डोकं पोकळ धरलं तर त्यात मावतील एवढ्या, पिल्लाला रोज, मोठ्याला दिवसाआड. पाकीट लहानच घ्या. ‘अ’ उजेडानं आणि उष्णतेनं नासतं, आणि खिडकीतल्या उघड्या बरणीत एक नागपुरी मे महिना काढलेल्या पेलेट्सवर भरवसा ठेवता येत नाही. कॉड लिव्हर ऑइल मात्र पूर्ण बंद. ‘अ’ यकृतात साठतं, जास्त झालेलं लघवीतून सहज निघून जात नाही, आणि अतिमात्रेनं कासवाची कातडी सोलून लाल मांस उघडं पडतं. माणसाच्या मापाची गोळी चाळीस ग्रॅमच्या जिवाला रोज देणं म्हणजे नेमकं हेच. इंजेक्शन लागलं तर ते वजनावर मोजून डॉक्टर देतील.

‘कासवाला यूव्ही लागतं. वॉटर प्युरिफायरची जुनी यूव्ही ट्यूब टाकीवर लावा, नाहीतर खिडकीच्या काचेतून ऊन द्या.’

ही ट्यूब कुणी लावली असेल तर वाचता वाचता उठून बंद करा. कासवाला लागतं ते यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा एक प्रकार, साधारण २९० ते ३२० नॅनोमीटरचं. त्यातून कातडीत जीवनसत्त्व ‘ड’ तयार होतं आणि कवच कडक राहतं. प्युरिफायरमधली ट्यूब यूव्हीसीची, २५४ नॅनोमीटरची, जंतू मारण्यासाठी केलेली. म्हणून तर ती स्टीलच्या नळकांड्यात बंद असते. उघडी पेटवली तर ती बुबुळ भाजते, कासवाचं आणि टाकीपुढे वाकून बघणाऱ्या मुलाचंही. दुखणं लगेच कळत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं सुरू होतं.

सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा यूव्हीबी दिवा घ्या, वरून लावा, ऊन खायच्या जागेपासून पंचवीस-तीस सेंटिमीटरवर, मध्ये काच किंवा प्लास्टिक न ठेवता. बाजूनं लावला की थेट डोळ्यांत जातो. दिवसाला १०-१२ तास, आणि तो पेटत असला तरी वर्षाच्या आत बदला, कारण उजेड राहतो पण यूव्हीबी संपत येतं. ती जागा ३२ ते ३५ अंश गरम हवी. उन्हाची सूचना तत्त्वतः बरोबर आहे, उन्हासारखा दिवा नाही. पण खिडकीची काच यूव्हीबी अडवते, तिथे नुसती उष्णता मिळते. थंडीत गच्चीवर दहा ते बारा, मे महिन्यात नऊच्या आत, प्लास्टिकच्या टबात आणि अर्ध्या टबावर ओलं पोतं टाकून. काचेची टाकी उन्हात कधीच ठेवू नका, ४५ अंशांच्या दिवशी ती भट्टी होते.

‘पाणी बदलू नका, नवीन पाणी डोळ्यांना झोंबतं.’ झोंबतो तो जुन्या पाण्यातला अमोनिया, आणि तो पाणी नितळ दिसत असतानाही असतो. ॲक्वेरियमच्या थेंबांच्या किटनं तपासा, आकडा शून्यच हवा. कवचाच्या दर सेंटिमीटरला सुमारे १५ लिटर पाणी धरा. म्हणजे दहा सेंटिमीटरच्या कासवाला दीडशे लिटर आणि त्याच्या दुप्पट क्षमतेचा फिल्टर, दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदल. प्लास्टिकच्या नारळाच्या झाडाची ती छोटी डबी दुकानातून घर गाठण्यापुरतीच. नळाचं पाणी क्लोरीनचं असतं, ते आदल्या दिवशी बादलीत काढून ठेवा आणि टाकीएवढं कोमट करून घाला.

शेवटची सूचना: ‘बरं होत नसेल तर फुटाळ्यात सोडा, पुण्य लागतं.’ डोळे बंद असलेलं कासव फुटाळा तलावात उपाशी मरतं. जगलं तर आणखी वाईट. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीतल्या जगातल्या १०० सर्वांत घातक परक्या आक्रमक प्रजातींत स्लायडर आहे, आणि ते आपल्या देशी कासवांची ऊन खायची जागा आणि अन्न बळकावतं. त्याला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा कासवं तपासणाऱ्या खासगी डॉक्टरांकडे न्या. तुमच्याकडे मेसेजच्या फोटोतलं स्टार कासव असेल, तर ते घरात ठेवणं हाच गुन्हा आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. त्याच्यावर घरी उपचार करत बसू नका, वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. जखमी-आजारी वन्यप्राण्यांसाठीचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरही सेमिनरी हिल्सलाच आहे.