किल्ली विकणाऱ्याकडेच असते

अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात, टुसॉन शहराला लागून हवाई दलाचा एक तळ आहे. निवृत्त विमानं तिथे ओळीने उभी असतात. हवा कोरडी, त्यामुळे गंज चढत नाही. काचा आणि फटी पांढऱ्या लेपाने बंद केलेल्या. १९९० च्या दशकात या रांगांमध्ये २८ एफ-१६ लढाऊ विमानं उभी होती आणि ती जुनी नव्हती, कोरी करकरीत होती. पाकिस्तानने ती मागवली होती, सुमारे ६६ कोटी डॉलर मोजलेही होते. पण ऑक्टोबर १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांनी ‘पाकिस्तानकडे अणुबाँब नाही’ असं प्रमाणपत्र द्यायला नकार दिला, त्यामुळे प्रेसलर दुरुस्ती (असं प्रमाणपत्र नसेल तर पाकिस्तानला मदत आणि शस्त्रं देऊ नयेत असा अमेरिकी कायदा) लागू झाली आणि विमानं गिऱ्हाइकाकडे जायच्या ऐवजी वाळवंटात गेली. ती उभी ठेवण्याचं भाडंसुद्धा पाकिस्तानच्याच माथी मारलं गेलं. १९९८ मध्ये तडजोड झाली तेव्हा काही पैसे रोख मिळाले, काही गव्हाच्या रूपात.

बाँबच्या बाबतीत पाकिस्तान खरं बोलत होता असं मला मुळीच म्हणायचं नाही. सांगायचंय ते वेगळंच. शस्त्राचे पैसे दिले म्हणजे शस्त्र आपलं झालं, असं होत नाही. सुटे भाग, सॉफ्टवेअर, दारूगोळा, देखभाल, सगळ्याची किल्ली विकणाऱ्याच्या खिशात राहते. पुढे कोणाला द्यायचं झालं तरी त्याचीच परवानगी लागते. पोलंडला स्वतःचे, पण जर्मन बनावटीचे लेपर्ड रणगाडे युक्रेनला द्यायचे होते, तरी जानेवारी २०२३ मध्ये बर्लिनच्या होकाराची वाट बघावी लागली. जर्मनीला गेपार्ड तोफांचा दारूगोळा युक्रेनला पाठवायचा होता. तो स्विस बनावटीचा, विकत घेऊन जमाना झालेला. स्वित्झर्लंडने तटस्थतेचं कारण देऊन नाही म्हटलं, म्हणजे नाही. तुर्कस्तान तर अमेरिकेच्या एफ-३५ या लढाऊ विमानाचे भाग बनवणारा भागीदार होता. २०१९ मध्ये रशियाची एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतल्याबरोबर त्याला त्या प्रकल्पातून बाहेर काढलं.

म्हणजे नियंत्रण आहे. कडक आहे. विकलेली वस्तू वर्षानुवर्षांनंतरही कुठे जाते, कोणाच्या हातात पडते, यावर विकणाऱ्याची बारीक नजर असते.

आता येमेनकडे या. ९ ऑगस्ट २०१८. सादा प्रांतात दहयान गावच्या बाजारात मुलांनी भरलेली एक बस थांबली होती. उन्हाळी शिबिराची सहल निघाली होती. येमेनमध्ये हुथी बंडखोरांशी लढणाऱ्या सौदी आघाडीच्या विमानाने तिच्यावर बाँब टाकला. रेडक्रॉसच्या आकड्यांनुसार ५१ माणसं मेली, त्यातली ४० मुलं. नंतरच्या चित्रणात युनिसेफचं नाव असलेली निळी दप्तरं दिसतात, रक्ताने आणि धुळीने माखलेली. बाँबच्या तुकड्यांवरचे क्रमांक वाचून सीएनएनने आठवड्याभरात सांगितलं, की हा लेझरने लक्ष्य गाठणारा एमके-८२ बाँब, अमेरिकेच्या लॉकहीड मार्टिन कंपनीने बनवलेला.

सौदी आघाडी आधी म्हणाली, ही वैध लष्करी कारवाई होती. तीन आठवड्यांनी म्हणाली, चूक झाली. आणि बाँब ज्या देशातून आला तिथलं सरकार? शस्त्र कसं वापरायचं हा गिऱ्हाइकाचा निर्णय, आम्ही त्याच्या वतीने लक्ष्य ठरवत नाही, हाच तिथला सूर होता.

इथेच माझा संताप होतो. आपल्या हिताला धक्का लागत असेल तर विमानं वाळवंटात उभी करता येतात, भागीदाराला हाकलता येतं. आणि बसमधली मुलं मारली गेली की मात्र ‘आमच्या हातात काय आहे?’ हात तेच आहेत हो. किल्लीही त्याच खिशात आहे.

कायदे नाहीत म्हणावं तर तेही आहेत. अमेरिकेत १९७६ चा शस्त्र निर्यात नियंत्रण कायदा आहे. मोठा सौदा संसदेला आधी कळवावा लागतो आणि संसद तो नामंजूर करू शकते. कागदावर हे फार छान दिसतं. पण नामंजुरीच्या ठरावावर राष्ट्राध्यक्षाने नकाराधिकार वापरला तर तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. या वाटेने आजवर एकही सौदा शेवटपर्यंत अडलेला नाही. मे २०१९ मध्ये तर ट्रम्प सरकारने ‘आणीबाणी’चं कारण देऊन सौदी, अमिराती आणि जॉर्डनसाठीचे सुमारे ८१० कोटी डॉलरचे २२ सौदे संसदेला तपासायला वेळ न देताच पुढे रेटले. संसदेने विरोधाचे ठराव केले, ट्रम्पनी ते जुलैत फेटाळले, आणि विषय तिथेच संपला.

ब्रिटनची गोष्ट तर मला अजून जास्त लागते, कारण तिथे न्यायालयाने खरंच दरवाजा उघडला होता. शस्त्रव्यापाराविरुद्ध काम करणाऱ्या एका संस्थेच्या दाव्यावर जून २०१९ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, की सौदीने आधी केलेल्या हल्ल्यांत युद्धाचे नियम मोडले होते की नाही, हे सरकारने तपासलंच नाही आणि म्हणून परवाने देण्याची पद्धत बेकायदेशीर आहे. लोकांना वाटलं, आता तरी काही बदलेल. वर्षभराने, जुलै २०२०, सरकारने तपासणी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. निष्कर्ष काय, तर नियम मोडले गेले असतील, पण त्या ‘तुरळक घटना’ होत्या. परवाने पुन्हा सुरू.

तुरळक. हा शब्द कोणीतरी कार्यालयात बसून विचारपूर्वक निवडला असणार.

नेहमीचा युक्तिवाद ठाऊक आहे: आम्ही नाही विकलं तर दुसरा कोणीतरी विकेल, आणि आमच्या कामगारांच्या नोकऱ्या जातील. सौदी पत्रकार जमाल खशोगी यांच्या २०१८ मधल्या हत्येनंतर ट्रम्प हेच बोलत होते, ११,००० कोटी डॉलरच्या सौद्यांचा आकडा देऊन. प्रत्यक्ष सह्या झालेले करार त्या आकड्याच्या जवळपासही नव्हते. आणि ‘दुसरा विकेल’ हे तरी कितपत खरं? ज्या हवाई दलाची विमानं, क्षेपणास्त्रं, प्रशिक्षण, दुरुस्ती सगळं अमेरिकी आणि ब्रिटिश आहे, ते उद्या सकाळी चिनी सुटे भाग बसवून उडणार आहे का? अख्खं हवाई दल बदलायला वर्षं जातात. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर तो दबाव आणू शकतो. फक्त आणत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०१३ मध्ये शस्त्रव्यापार करार मंजूर केला, तो २०१४ च्या डिसेंबरात लागूही झाला. ही शस्त्रं नागरिकांवरच्या हल्ल्यांत वापरली जाणार आहेत हे माहीत असताना ती विकू नयेत, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. ब्रिटन त्यात सामील आहे. अमेरिकेने सही केली, पण करार कधी मंजूर केला नाही.

मला एवढंच हवंय की तिसऱ्या देशाला शस्त्र द्यायचं झालं तर जशी लेखी परवानगी लागते, तशीच अट वापराबद्दलही करारातच असावी. शाळेची बस, लग्नाचा मांडव, दवाखाना यावर हल्ला झाला की सुट्या भागांचा पुरवठा आपोआप थांबेल, आणि चौकशी शस्त्र विकत घेणारा करणार नाही, तिसरंच कोणीतरी करेल. हे अवघड आहे, पण अशक्य आहे असं सांगू नका. दहयानच्या बाजारातला बाँब कोणत्या कंपनीचा हे पत्रकारांना तुकड्यांवरच्या क्रमांकांवरून आठवड्याभरात कळलं होतं. ज्यांनी तो विकला, त्यांच्याकडे त्या क्रमांकाची नोंद पहिल्या दिवसापासून होती.