विज्ञानावर भूमिका घेताना घ्यावयाची काळजी

तिकीट मिळालं, अभिनंदन! आता उमेदवारी अर्ज. तो सकाळी 11 ते दुपारी 3 या वेळातच भरावा लागतो आणि अभिजित मुहूर्त बरोबर त्याच्या मध्ये पडतो. आयोगानं ही सोय मुद्दाम केली नसेल, पण आपण लाभ घ्यायला काय हरकत आहे? अर्जासोबत नमुना 26 चं प्रतिज्ञापत्र लागेल. सोनं किती, जमीन किती, कर्ज किती, गुन्हे किती, शिक्षण कुठवर, सगळं विचारतात. डोंगर का खचतो किंवा लस कशी काम करते, एवढं मात्र विचारत नाहीत. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणं हे 1976 च्या घटनादुरुस्तीनं कलम 51-क मध्ये मूलभूत कर्तव्य म्हणून घातलंय खरं, पण ते नागरिकाचं. उमेदवारासाठी वेगळा रकाना नाही.

तरीही एखाद्या कोपरा सभेत कुणीतरी निवृत्त मास्तर उठून प्रश्न विचारतोच. घाबरू नका. त्याला तिथल्या तिथे व्यासपीठावर बोलवा आणि शाल-श्रीफळ द्या. सत्कारमूर्तीला प्रश्न विचारता येत नाही. विज्ञानाचे मुद्दे तसे चार-पाचच आहेत, आणि प्रत्येकाची वाट आपल्या थोरांनी आधीच मळून ठेवली आहे.

सगळ्यात सोपा मुद्दा प्राचीन विज्ञानाचा. ऑक्टोबर 2014 मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या कार्यक्रमात खुद्द पंतप्रधानांनी गणपतीच्या मस्तकाचा संबंध प्लास्टिक सर्जरीशी जोडला, तेव्हा तुम्हाला कोण अडवणार आहे? शिक्षण कमी आहे म्हणून संकोच करू नका आणि जास्त असलं तरीही नको. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादेत डार्विनला चूक ठरवणारे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह रसायनशास्त्र शिकलेले, शिवाय मुंबईचे माजी पोलीस आयुक्त होते. माकडाचा माणूस होताना पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याचं सांगितलेलं नाही, असा त्यांचा मुद्दा होता. साक्षीदार नाही म्हणजे गुन्हा सिद्ध होत नाही, हे पोलिसी तर्कशास्त्र लाखो वर्षांच्या उत्क्रांतीलाही लागू पडतं हे आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

निधीबद्दल विचारलं तर बेधडक ‘दोन टक्के’ म्हणा. 2003 च्या विज्ञान धोरणात संशोधनावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांवर नेऊ असं लिहिलं. 2013 च्या धोरणात पुन्हा दोन टक्केच. 2020-21 चा प्रत्यक्ष आकडा 0.64 टक्के. सरकारं बदलली, पण दोन टक्के हललेले नाहीत. राजकारणात इतकं टिकाऊ आश्वासन दुसरं सापडायचं नाही.

विदर्भात उभे असाल तर ‘चोर बीटी’वर बोलावं लागेल. तणनाशक सहन करणाऱ्या, जनुकं बदललेल्या या कापसाच्या वाणाला परवानगी नाही, तरी त्याचं बियाणं शेतात पोचतंच. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेच्या लोकांनी ते जाहीरपणे पेरून दाखवलं. बांधावर असताना ‘तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य मिळालंच पाहिजे’ म्हणा, नागपुरात आलात की ‘विषमुक्त शेती’. दोन्हींमध्ये तासा-दीड तासाचं अंतर असतं, तेवढ्यात विचार बदलू शकतो.

अंधश्रद्धेबाबत मात्र घाई नको. उघड विरोध करू नका, नुसतं ‘श्रद्धा कुठे संपते आणि अंधश्रद्धा कुठे सुरू होते ते आधी ठरवा’ म्हणा. एवढ्या एका वाक्यानं जादूटोणाविरोधी विधेयक वर्षानुवर्षं रखडलं होतं. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात, या विधेयकासाठी लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि काही दिवसांतच वटहुकूम निघाला. डिसेंबरात कायदाही झाला, अनुसूचीत बंदी घातलेल्या 12 बाबी. दाभोलकर जिवंत असताना न सापडलेली ती सीमारेषा आठवड्याभरात सापडली. तुम्ही आता दरवर्षी 20 ऑगस्टला त्यांना अभिवादन करणारी पोस्ट टाका. त्या दिवशी अर्ज भरायचा असेल तर पोस्ट आधी टाका आणि मुहूर्त नंतर पाहा.

आता खरा अवघड पेपर. सह्याद्रीच्या पट्ट्यात उभे असाल तर तो चुकणार नाही.

डॉ. माधव गाडगीळ यांच्या समितीनं पश्चिम घाटाचा अहवाल 2011 मध्ये दिला. सरकारनं तो काही महिने दाबून ठेवला आणि 2012 मध्ये नाइलाजानं जाहीर केला. तुम्ही तो वाचू नये, हा माझा कळकळीचा सल्ला. वाचला तर त्यात ग्रामसभांना विचारून निर्णय घ्या असं लिहिलेलं सापडेल, आणि मग ‘गाडगीळ आले तर तुम्हाला घराची वीटसुद्धा लावता येणार नाही’ हे भाषणातलं वाक्य म्हणताना जीभ अडखळेल. न वाचलेल्या माणसाच्या तोंडी ते किती सहज येतं! पुढे 2013 मध्ये कस्तुरीरंगन समिती आली. तिनं घाटाचा सुमारे 37 टक्के भाग तेवढा संवेदनशील मानला. त्याच्याही विरोधात बोला. कमी केलेलं औषधही कडूच लागतं, हे मतदाराला पटतं.

यात तुमचा खरा आधार आहे ‘मसुदा’. संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना 2014 पासून मसुद्याच्या रूपात निघते आहे. मुदत संपते, नवा मसुदा निघतो. हरकती मागवल्या जातात, आपलं राज्य काही गावं वगळा म्हणतं. मसुद्याला विरोध केला तर विकासाचे कैवारी ठरता, समर्थन केलं तर निसर्गप्रेमी, आणि दोन्ही वेळी काहीच होत नाही. दरम्यान डोंगर आपल्या सवडीनं येतो. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं, 151 माणसं गेली. 2021 मध्ये महाडजवळ तळिये, 2023 मध्ये खालापुरात इर्शाळवाडी. 30 जुलै 2024 ला, माळीणच्या बरोबर दहाव्या स्मृतिदिनी, केरळात वायनाड. दुसऱ्याच दिवशी केंद्रानं सहावा मसुदा काढला. यात महाराष्ट्रातलं 17,340 चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. तुमची वाडी त्यात आहे की नाही हे शोधत बसू नका. दुर्घटनेच्या ठिकाणी पोचायला किती वेळ लागतो तेवढं चालकाला विचारून ठेवा. गमबूट गाडीतच असू द्या आणि ‘निसर्गापुढे कुणाचं चालतं’ हे वाक्य पाठ करा. सपाटीकरण कुणी केलं, रस्त्यासाठी डोंगराचा पायथा कुणी कापला, पाणी मुरून मातीची पकड कशी सुटते, असं काही कुणी बोलू लागलं तर ‘ही राजकारणाची वेळ नाही’ म्हणा.

कोकणातल्या प्रकल्पांचं सूत्र याहून जुनं आहे. दाभोळचा एन्रॉन कंपनीचा वीजप्रकल्प अरबी समुद्रात बुडवू असं 1995 च्या प्रचारात सांगितलं गेलं. सत्ता आल्यावर करार आधी रद्द झाला, मग वाटाघाटी होऊन आणखी मोठा झाला. बारसूचं तेच, फक्त दिशा उलटी. रिफायनरीसाठी रत्नागिरी जिल्ह्यातली ही जागा तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जानेवारी 2022 च्या पत्रात सुचवली आणि पद गेल्यावर मे 2023 मध्ये त्याच बारसूत जाऊन विरोध केला. तेव्हा प्रदूषणाचं मोजमाप करायला उपकरण नको, विधानसभेतली बैठकव्यवस्था पाहिली तरी पुरते.

शेवटी ईव्हीएम. देशातला एकमेव वैज्ञानिक विषय, ज्यावर प्रत्येक उमेदवाराला मत असतं. मात्र ते आधी सांगायचं नाही. 1982 मध्ये केरळातल्या परवूरला काही केंद्रांवर यंत्र पहिल्यांदा वापरलं, तेव्हा हरलेला उमेदवार कोर्टात गेला, त्या केंद्रांवर कागदी मतपत्रिकांनी फेरमतदान झालं आणि तो जिंकला. तिथपासून परंपरा अखंड आहे. 2009 च्या पराभवानंतर भाजपच्या नेत्यांना यंत्राचा संशय आला, 2014 नंतर तो काँग्रेसकडे गेला. 2024 मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीनं त्यात नवी भर घातली. तिथे आपला उमेदवार निवडून येऊनही गावात कमी मतं कशी, म्हणून मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचा घाट घातला गेला आणि पोलिसांनी तो थांबवला. म्हणजे आता जिंकूनही संशय घेता येतो.

तेव्हा निवेदनं दोन छापून घ्या. ‘हा तंत्रज्ञानाचा आणि जनतेचा विजय’ हे उजव्या खिशात, ‘यंत्रात घोळ आहे’ हे डाव्या. आणि मतमोजणी सुरू झाल्यावर जाकीट कुणाकडे काढून देऊ नका.